वायरकाका

प्रत्येक सोसायटीत एक डॉक्टर, एक वकील आणि एक वायरकाका असतो. पहिले दोघे फी घेतात. वायरकाका पैसा घेत नाहीत, पण वायरीची कुळकथा ऐकवल्याशिवाय सोडतही नाहीत.

आमच्या काकांकडे श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत. दर डब्यात एकेका कुळातल्या वायरी, रबरबँड लावून. व्हीजीए लाडकी. "१९८७ची, आयबीएमची. पंधरा पिना. दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे असतात, आणि ते कोणीही आवळत नाही!" हे ते असं म्हणतात की देश बुडण्याचं कारण तेच असावं. एकदा माझ्या मॉनिटरला कावीळ झाली. मी तो भंगारात काढायच्या बेतात होतो. काकांनी चष्मा कपाळावर चढवून वायरीचं तोंड उजेडात धरलं. एक पिन वाकली होती, निळा रंग तिथेच अडला होता. संपलेल्या बॉलपेनची रिफिल त्या पिनेवर हळूच चढवून त्यांनी ती सरळ केली.

मग मुलाने फोर-के मॉनिटर आणला. माउसचा बाण उचक्या देत फिरायला लागला. काका म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४चं. फोर-के दाखवील, पण सेकंदाला तीसच चित्रं. डिस्प्लेपोर्ट आहे ना शेजारी? ते लाव, साठ मिळतील."

"पण दुकानदाराने सोन्याचा मुलामा असलेली एचडीएमआय दिलीय..."

"सोनं काकूंना दे. आतून एक आणि शून्य जातात, त्यांना दागिन्यांची हौस नसते."

टाइप-सीवर मात्र त्यांचा राग आहे. चोवीस पिना, सगळ्यांची तोंडं सारखी. एक चित्र नेते, दुसरी नुसता फोन चार्ज करते. "तोंड बसलं म्हणजे सूत जुळलं असं नाही," असं ते म्हणतात तेव्हा काकू आतून खाकरतात.

परवा वार्षिक सभा होती. लॅपटॉपला फक्त टाइप-सी, प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए. सेक्रेटरींनी मोबाइलच्या चार्जरची वायर खुपसून पाहिली. काकांनी ते दृश्य बघून डोळे मिटले. मग वर जाऊन डबा आणला, कन्व्हर्टर काढला, वायर जोडली, चारही स्क्रू आवळले. पडदा उजळला. टाळ्या पडल्या.

पहिलंच पान मेंटेनन्स थकवणाऱ्यांचं होतं. सर्वांत वर काकांचा फ्लॅट नंबर.

काका वायर उपसायला धावले. वायर हलेना.