सॉफ्ट, हार्ड आणि सात दिवस

तुमच्याही कॉलेजात ते होतेच. सर्व्हर रूमच्या एसीत हाफ स्वेटर घालून बसणारे, ‘सर, फाइल सेव्ह होत नाही’ म्हटल्यावर मान वर न करता ‘डीयू मारलंस का? किती जागा खाल्लीस ते बघ’ म्हणणारे. आमच्या सरांना सगळे कोटासर म्हणत. सगळ्या कॉलेजची खाती एकाच सर्व्हरवर आणि दरडोई जागेचा कोटा २० एमबी. गाणी ठेवली तर जेमतेम चार मावायची, मग प्रोग्रॅम वहीत लिहा.

सरांच्या मते जगात मर्यादा दोनच. सॉफ्ट ओलांडली की मशीन ताकीद देतं आणि सात दिवसांची मुदत देतं. तेवढ्यात पुसापुशी केली नाही, तर पुढे एक अक्षर लिहू देत नाही. हार्ड तर ओलांडताच येत नाही. युनिक्समध्ये कोट्याची व्यवस्था १९८३च्या ४.२ बीएसडीत आली, मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांच्या कामातून. हे नाव सर गवयाने उस्तादांचं घ्यावं तसं कानाच्या पाळीला हात लावून घेत.

इथवर ठीक होतं. पण सरांनी ही व्यवस्था प्रपंचालाही लावली. कँटीनचा चहा: दोन सॉफ्ट, तीन हार्ड. उसनी नेलेली छत्री: सात दिवस. बायकोचा रुसवा: सात दिवस, असं त्यांनी एकदा घरी जाहीर केलं, काकूंनी तो आठव्या दिवशीही चालू ठेवून सिस्टिममधली त्रुटी दाखवून दिली. एका लग्नात यजमान जिलबीचा आग्रह करू लागले, तेव्हा सर पानावर आडवा हात धरून म्हणाले, ‘हार्ड!’ यजमानांनी घाबरून आचाऱ्याला बोलावलं.

पोरं काय कमी होती? कुणी फाइलच्या नावाआधी टिंब देऊन सिनेमा लपवला. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसला तो दिसेना, कोट्याला दिसला. कुणी गाणी तात्पुरत्या फाइलींच्या टेम्पमध्ये टाकली. सर रात्री टेम्प झाडून घरी जात. एकाच्या ब्राउझरच्या कॅशेने सगळी जागा खाल्ली. पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर उजळे आणि पुन्हा पासवर्डच मागे. त्याला वाटलं व्हायरस. सर म्हणाले, ‘पासवर्ड बरोबर आहे रे. तुझ्या होममध्ये मशीनला एक चिठ्ठी ठेवायलाही जागा नाही. ते तुला आत घेईल कसं?’

दर सोमवारी नोटीस बोर्डावर यादी लागे. ज्याने मर्यादा ओलांडली त्याच्या नावापुढे अधिकचं चिन्ह. गणितात कधी अधिक न मिळालेली पोरं इथे मात्र हमखास झळकत.

त्याच यादीत एकदा एक गंमत दिसली. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री एका मुलीचा रिपोर्ट सेव्ह करताना जागा संपली आणि फाइल शून्य बाइटची झाली. सरांना घरी फोन गेला. ते स्कूटरवरून आले, आधी अर्धा तास ओरडले, मग बॅकअपच्या टेपवरून आदल्या दिवशीची प्रत काढून दिली आणि तिची मर्यादा १० एमबीने वाढवली. सोमवारच्या यादीत सरांच्या स्वतःच्या खात्यापुढे मर्यादेचा आकडा होता १०. सर्व्हरच्या कारभाऱ्याला, म्हणजे रूटला, कोटा नसतो. त्यांना हवी तेवढी जागा घेता आली असती. आम्ही विचारलं, तर म्हणाले, ‘डिस्क तेवढीच आहे ना?’

आता सर निवृत्त झालेत. परवा त्यांचा फोन आला, आवाज चढलेला. फोनबरोबर मिळालेली फुकटची १५ जीबी भरली होती. ‘अरे, हे लोक पुसा म्हणतच नाहीत! पैसे भरा म्हणतात! कोटा शिस्तीसाठी असतो की धंद्यासाठी?’

मी म्हटलं, ‘मग पुसा ना, सर. सात दिवस आहेत.’

पलीकडे जरा वेळ शांतता. ‘काय पुसू? तुमच्याच लग्नपत्रिका आहेत, बारशाचे फोटो आहेत. त्या मुलीने अमेरिकेतून पाठवलेला व्हिडिओ आहे. तो एकटाच दीड जीबी खातो, कार्टीला अजून अक्कल नाही.’

शेवटी सरांनी पैसे भरले. पावती ईमेलवर आली. सरांनी तिची प्रिंट काढून घेतली आणि ईमेल ताबडतोब पुसून टाकली. उगाच जागा कशाला अडवायची?