तीनशे शब्दांत सुरक्षित

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि सतरा वर्षांच्या आरोपी मुलाला जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. देशभर ओरड झाली. मला मात्र तो आदेश आपल्या परंपरेला धरूनच वाटला. 'माझा आवडता ऋतू' लिहून कुणाला पाऊस कळला होता?

बाकी शिक्षण घरी चालतंच. पाचव्या वर्षी बाबांच्या पुढ्यात बसून हँडल धरायचं, बारावीच्या क्लासला आईची स्कूटर न्यायची. आई बजावतेही, "मोठ्या रस्त्याने जाऊ नकोस, चौकात मामा उभा असतो." रस्ता सुरक्षेचा अभ्यासक्रम इथेच आटोपतो. धोका ट्रकचा नाही, पावतीचा.

कायदा तसा उदार आहे. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने बिनगिअरची, 50 सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. रस्त्यावर दिसतात त्या 110 आणि 125च्या. पण मूल हुशार असेल तर वरच्या इयत्तेत बसवतातच की! 2019च्या दुरुस्तीत पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आला, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे सोसायटीतल्या एका काकांना सांगितलं, तर ते कौतुकाने म्हणाले, "आमच्या चिरंजीवांना परवान्याची गरजच पडत नाही हो. चौदाव्या वर्षापासून चालवतोय!"