स्टँड नसलेली सायकल

(धाराशिव. सकाळचे सव्वानऊ. सायकल दुरुस्तीचं दुकान म्हणजे लिंबाखाली एक टपरी, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि फांदीला टांगलेली जुनी टायरं. मिस्त्री एक ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतोय. ज्याची ट्यूब, तो शिपाई मागचं चाक उघडलेल्या काळ्या 22 इंची सायकलशेजारी उकिडवा बसलाय. पुण्याहून बदली होऊन आलेले साहेब आपली सायकल ढकलत येतात. अंगात तंग पिवळं-काळं कापड, डोक्यावर हेल्मेट. सायकल टेकवायला ते भिंत शोधतात. भिंत नाही. मग हातातच धरून उभे राहतात.)

मिस्त्री : या सायेब. काय केलाव?

साहेब : मी काही केलं नाही. काल ऑफिसच्या कंपाउंडला जरा वेळ टेकवली होती, आपोआप पडली. आता गियर बदलताना खडखडते आणि चेन कुठल्याच चकतीवर थांबत नाही.

मिस्त्री : आपोआप कशी पडंल? वारं आलं आसंल. आपल्या डोंगरावर पवनचक्क्या काय उगंच उभ्या केल्यात? स्टँडवर लावायची की.

साहेब : स्टँड नाहीये.

मिस्त्री : तुटला?

साहेब : नव्हताच. या सायकलींना देत नाहीत.

शिपाई : कितीला घेतलाव, सायेब?

साहेब : 42 हजार.

शिपाई : आन स्टँड न्हाई.

साहेब : त्यानं वजन वाचतं.

शिपाई : हं.

(हा 'हं' सरकारी नोकरीत तीस वर्षं काढल्याशिवाय जमत नाही. त्यात होकार नसतो, नकार नसतो आणि पुढं चौकशी झालीच तर पुरावाही नसतो.)

मिस्त्री : (वाकून बघत) हे बघा, गियरचा सांगाडा ज्याला लटकतोय तो कान वाकलाय. पडताना उजव्या अंगावर पडली. हा कान मुद्दाम मऊ करत्यात, म्हंजी दणका बसला तर हा वाकतो आन फ्रेम वाचती.

साहेब : कंपनीनं किती विचार केलाय बघा!

मिस्त्री : पडल्यावर काय, त्याचा लई विचार केलाय. पडू नये म्हणून एक स्टँड दिला असता तर एवढा विचार करावा लागला नसता. थांबा, ह्यांची पंक्चर झाली की घेतो.

साहेब : किती वेळ लागेल?

मिस्त्री : घाई केली तर दुपारी परत येत्यात. घाई न केली तर धा मिनिटं.

(घमेल्यात एका जागेवरून मोहरीएवढे बुडबुडे वर येतात. मिस्त्री त्यावर अंगठा ठेवतो, ट्यूब पुसतो, कानशीनं घासतो, सोल्युशन लावतो आणि वाट बघतो. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा बसवायचा. हे वाट बघणं ज्याला येतं तो मिस्त्री. बाकीचे नुसते पंक्चर काढणारे. तेवढ्यात तो टायरच्या आतून बोट फिरवतो आणि काट्याचं टोक नखानं ओढून काढतो.)

मिस्त्री : येडी बाभळ. हे टोक आत राह्यलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात.

साहेब : माझ्याकडे परदेशी पॅच आहेत. आठवड्याला दोन लागतात इथे.

शिपाई : मला वर्साला दोन पंक्चरी. टायरच्या आतून पट्टी हाय. जुन्या टायरच्या कडंच्या तारा कापायच्या आन मधला पट्टा आत घालायचा. काटा पट्ट्यातच आडकतो. आज कडंनं घुसला, म्हणून सापडलो.

साहेब : पण त्यानं चाकाचं वजन वाढतं ना!

शिपाई : वाढतं की. काटाबी थांबतो.

साहेब : बरं, तुमच्या सायकलला गियर किती?

शिपाई : तुमच्या किती?

साहेब : 21. पुढे तीन, मागे सात.

शिपाई : त्यातले वापरताव किती?

साहेब : (जरा विचार करून) तीन... चार.

मिस्त्री : बाकीचे सतरा वजन वाचवायला.

शिपाई : माझ्याबी सायकलचा गियर बदलतो, सायेब.

साहेब : काहीतरीच काय!

मिस्त्री : खरं हाय. पुढं 44 दाते, मागं 18, अशी आली होती. एक पायडल मारलं की साडेपाच मीटरच्या आत-बाहेर जायची. मग ह्यांचे गुडघे बोलाया लागले, तवा मी मागं 20 दात्यांचं फ्रीव्हील टाकलं. आता पायडलाला पाच मीटर जाती, पण सांज्याकडून येताना उतराया लागत न्हाई.

शिपाई : धा वर्सांतून एकदा बदलतो गियर. खडखड न्हाई.

(साहेब प्रथमच काळी सायकल नीट बघतात. ती बघायला वेळ लागतो, कारण मूळ सायकल बरीच आत आहे. सीटवर रेक्झिनचं झालरवालं कव्हर, त्याखाली पावसासाठी घडी केलेली प्लास्टिकची पिशवी. हबभोवती रंगीत झुपक्यांची कडी. चाक फिरलं की हब आपोआप पुसून निघतो. नळीला गुंडाळलेली लाल-पिवळी प्लास्टिकची वायर. पुढं ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली बॅटरी, डब्यासाठी आकडा, 'आई तुळजाभवानी प्रसन्न', मागच्या दसऱ्याच्या झेंडूचा वाळलेला देठ आणि हँडलला लाल दोऱ्यात एक किल्ली.)

साहेब : एवढं सगळं कशाला लावलंय? ही घंटी, हा आरसा, ही वायर...

शिपाई : ओळखाया. ही सायकल माझ्या सासऱ्याची. सोलापूरला लक्ष्मी-विष्णू मिलला होते. पाळी सुटली की स्टँडवर शेकड्यानं सायकली, सगळ्या काळ्या, सगळ्या 22 इंची. आपली कोणती ते कळंना. मग सासऱ्यानं मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा मारला.

साहेब : मग मिळायला लागली?

शिपाई : आठ दिवस. पट्टा लोकांना आवडला. महिन्यात निम्म्या स्टँडनं पट्टे मारले. मग त्यांनी झुपके लावले. लोकांनीबी लावले. मग वायर. असं करत करत इथवर आलं.

साहेब : आणि डायनामो काढलात?

शिपाई : चढाला दिवा लावला की पायाला कळायचं, वीज फुकट येत न्हाई. बॅटरी रात्री चार्जिंगला लावतो.

साहेब : ॲटलस दिसते. या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, माहितीय? 2020 मध्ये, 3 जूनला. नेमका जागतिक सायकल दिन!

शिपाई : आरारा. मग तुम्ही त्या दिवशी काय केलाव?

साहेब : लॉकडाऊन होतं. आम्ही सायकल चालवण्याची ऑनलाइन शपथ घेतली.

मिस्त्री : (शिपायाचं चाक बसवत) ते ऱ्हाऊ द्या. ह्यांच्या चेनकव्हरवर बघा, अजून 'उस्मानाबाद'. 2023 ला नाव बदललं, हे पेंटरकडं न्हेईनात.

शिपाई : ऑफिसातले शिक्के बदलता बदलता माझी बोटं निळी झाली, आता सायकल कवा न्हेऊ? आन शेळीचं नाव कुठं बदललंय? तिला अजून उस्मानाबादीच म्हणत्यात.

साहेब : शेळीचा काय संबंध?

शिपाई : परवा बाजारातनं ह्याच सायकलवर आणली की. काळी सायकल, काळी शेळी. मागं टोपल्यात बसवली, पाय बांधले. ही जात जुळी देती म्हणत्यात, तशी दोन करडं होती. एक पिशवी हँडलच्या डाव्या अंगाला, एक उजव्या.

साहेब : तोल जात नाही?

शिपाई : एकच असतं तर गेला असता. जुळं असलं की तोल बरोबर ऱ्हातो.

(साहेब काही क्षण आपल्या हँडलकडं बघतात. तिथं मोबाइल अडकवायची पट्टी आहे. करडू तिला अडकणार नाही.)

साहेब : मिस्त्री, खरं सांगू का, रोज ऑफिसला हिच्यावर जायचं ठरवलंय. अंतर, वेळ, घाम, सगळं मोबाइलमध्ये नोंदवतो. आणि रोज हे माझ्या आधी पोचलेले असतात! एवढी हलकी सायकल असून!

मिस्त्री : तुम्ही ऑफिसात गेल्यावर काय करताव?

साहेब : कपडे बदलतो. पाठीवरची सॅक काढतो. पावसात चिखलाची रेघ उठते पाठीवर, ती धुतो. मग सायकल उचलून जिन्यानं वर नेतो.

शिपाई : वर कशाला?

साहेब : स्टँड नाही ना! आणि 42 हजारांची आहे.

शिपाई : म्हंजी सायकलीनं तुम्हाला खाली आणायचं, आन तुम्ही तिला वर न्ह्यायचं.

मिस्त्री : आन ही चड्डी फुगल्यावाणी का दिसती?

साहेब : आत फोम असतो. सीट कडक असते म्हणून.

मिस्त्री : (शिपायाकडं बघत) आपण सीटला लावतो.

(एक शाळकरी मुलगी सायकल घेऊन येते. गणवेश, दोन वेण्या, बास्केटात दप्तर.)

मुलगी : काका, चेन पडली.

मिस्त्री : मग बसव की. कालच दावलं ना?

(मुलगी काडी उचलते. काडीनं चेन खालच्या दात्यावर टेकवते आणि दुसऱ्या हातानं पायडल उलटं फिरवते. चेन बसते. बोटाला काळं नाही. साहेब हे इतक्या लक्षपूर्वक बघतात की हेल्मेट कपाळावर येतं.)

मिस्त्री : मानव विकासची सायकल हाय. आठवी ते बारावीच्या पोरींना मिळती, ज्यांची शाळा लांब. शाळा सुरू झाल्या की माझ्याकडं रांग. सायकल नवी आसती, पण नट सगळे ढिल्ले. आवळून देतो. पैशे न्हाई घेत, घरी बोलणी खावी लागत्यात.

मुलगी : (साहेबांच्या सायकलला फेरी मारून) काका, हिला कॅरियर न्हाई?

साहेब : नाही बाळा.

मुलगी : मग मैत्रीण कुठं बसती?

(ती निघून जाते. या प्रश्नाचं उत्तर साहेबांच्या सायकलबरोबर आलेल्या पुस्तिकेत नाही. पुस्तिका सहा भाषांत आहे.)

साहेब : मिस्त्री, कान सरळ करा. आणि... स्टँड बसेल?

मिस्त्री : बसंल.

साहेब : मडगार्ड?

मिस्त्री : डांबरी रस्त्यानं जाताव ना? मग बसवू. शेतातनं जाणाऱ्याला मी बसवत न्हाई. काळी माती वली झाली की मडगार्ड आन टायरच्या मधी गारा आसा बसतो की चाक फिरत न्हाई. मग मालक सायकलवर न्हाई, सायकल मालकावर.

साहेब : मला जिन्यामुळे त्याची सवय आहे. बसवा. आणि कॅरियर?

मिस्त्री : तिथं घोळ हाय. फ्रेमला कॅरियरची भोकंच ठेवली न्हाईत, आन चाकाशेजारी डिस्कब्रेक आडवा येतो. पण करू. सळई वाकवून, पट्टी मारून, ब्रेकच्या बाजूनं वळसा देऊन. भूमकडच्या दूधवाल्यांना खव्याच्या भट्टीवर चाळीस-चाळीस लिटरचे कॅन न्यायला आकडे करून दिलेत मी. तुमची सॅक काय, सॅकीसगट तुम्ही बसलाव तरी वाकायचं न्हाई.

साहेब : घंटी पण लावा. इथे म्हशींना 'एक्सक्यूज मी' म्हणून उपयोग होत नाही.

शिपाई : घंटीनंबी व्हत न्हाई, सायेब. पण आपलं समाधान.

(मिस्त्री कामाला लागतो. आधी वाकलेला कान पान्ह्यात धरून हळूहळू सरळ करतो, डोळा बारीक करून मागून बघतो, परत धरतो. मग मागचं चाक उचलून, पायडल पुढं फिरवत एकेक गियर टाकून पाहतो. खडखड थांबते. कॅरियरच्या सळईला मात्र बऱ्याच शिव्या बसतात, त्या इथं देत नाही. अर्ध्या तासात 42 हजारांच्या सायकलला मागं कॅरियर, दोन मडगार्ड, स्टँड आणि घंटी येते. शिपाई न विचारता खिशातून लाल-पिवळ्या वायरीचा तुकडा काढून हँडलला चार वेढे देतो.)

साहेब : हे कशाला?

शिपाई : ओळखाया.

मिस्त्री : सगळ्याचे मिळून 1,360 झाले. वायरीचे न्हाईत.

(साहेब पैसे देतात. पायानं स्टँड खाली पाडतात. एक हात काढतात. जरा थांबून दुसरा काढतात. सायकल उभी राहते. साहेबांना आपल्या दोन मोकळ्या हातांचं काय करावं ते कळत नाही. ते कमरेवर ठेवतात.)

साहेब : वजन अडीच-तीन किलोनं वाढलं असेल, नाही?

मिस्त्री : सॅक पाठीवरनं खाली आली, ती वजा करा.

साहेब : आता जिना नाही, कपडे बदलणं नाही, पाठ धुणं नाही. (शिपायाला) उद्यापासून बघाच तुम्ही. मी तुमच्या आधी ऑफिसात!

शिपाई : या की, सायेब. भाईर बाकडं हाय, सावलीबी हाय.

साहेब : बाहेर का बसू?

शिपाई : (हँडलच्या लाल दोऱ्यातली किल्ली दाखवत) कुलूप मीच काढतो.