अर्धविशारद

पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कुठल्याही कथकच्या वर्गात संध्याकाळच्या बॅचला डोकावून बघा. पुढच्या रांगेत नऊ-दहा वर्षांच्या मुली, मधे दहावीच्या, आणि सगळ्यांत मागे, बरोब्बर पंख्याखाली, एक बाई. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, केसांना क्लचर, पर्स नजरेच्या टप्प्यात. बाई कुणाची तरी आई असतात, पण इथं कुणाला सोडायला आलेल्या नसतात.

'नवीन विद्यार्थिनी' अशी ओळख करून दिलेली त्यांना खपत नाही. "नवीन नाही हं, माझं मध्यमा पूर्ण झालंय," हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून होतं. साल मात्र विचारायचं नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ज्यांनी दिल्यात त्यांना यातली ठसठस कळेल. प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा आणि मग दोन विशारद. सातांतल्या पाच पायऱ्या चढून बाई थांबल्या, कारण बारावी आली. महाराष्ट्रात बारावीनं किती तबल्यांचा, पेट्यांचा आणि घुंगरांचा बळी घेतला याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. नंतर डिग्री, नोकरी, लग्न, मुलं. घुंगरू गेले माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी.

कथकच्या वर्गात शिकवणारीला 'ताई' म्हणायचं हा दंडक. ताई जेमतेम सव्वीसच्या, बाई पंचेचाळिशीच्या. बाई ताईंना 'ताई' म्हणतात. ताईंना मात्र बाईंना काय म्हणावं हे न सुचल्यामुळे त्या नुसतंच "हं, घ्या" म्हणतात. पुढच्या रांगेला असला पेच नाही. "काकू, तुमचा डावा चुकला!" गुरुपौर्णिमेला बाई वाकायला जातात तेव्हा ताई दोन पावलं मागे सरतात, बाई दोन पावलं पुढे, आणि वर्गाला न शिकवलेली गत बघायला मिळते.

खरी मजा पुढेच आहे. बाईंच्या तोंडाला सगळं पाठ असतं. पढंत करायला सांगा. हातावर तीनताल धरून, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, आमद काय, तोडे काय, परण काय, बाई धडाधड म्हणत जातात आणि तिहाई अशी समेवर आणून ठेवतात की दहावीच्या मुली वळून बघतात. मग ताई म्हणतात, "सुंदर. आता पायांनी."

तोंड समेवर पोचतं तेव्हा पाय बाराव्या मात्रेवर असतात, आणि श्वास त्यांच्याही मागे. 'ता थेई थेई तत्' ठायीत झकास जमतं, दुगुनीत चालवून घेतलं जातं, चौगुनीला बाई ओढणी सारखी करायला थांबतात. ओढणी दर वेळी चौगुनीलाच कशी सैल होते, हे विचारण्याइतकं वाईट मन ताईंचं नाही.

चकरांचं तर बोलूच नका. डाव्या टाचेवर गिरकी घ्यायची. एके काळी सत्तावीस चकरा घेऊन समेवर खिळ्यासारख्या उभ्या राहणाऱ्या बाईंच्या समोरची भिंत आता पाचव्या चकरेलाच शेजारी येते. खाली गुळगुळीत टाइल्स, त्याखाली काँक्रीट. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताच टाच बोलते. डॉक्टर बुटात घालायला सिलिकॉनची गादी देतात. कथक अनवाणी करतात हे बाई त्यांना सांगत नाहीत, कारण मग ते कथकच बंद करायला सांगतील. मानेची आणखी वेगळी तऱ्हा. नंदिकेश्वरानं 'अभिनयदर्पणा'त मानेचे चार भेद सांगितलेत. त्यातला पहिला 'सुंदरी', म्हणजे मान आडवी सरकवणं. नंदिकेश्वराला स्पॉन्डिलायटिस नसावा.

बाईंची नणंद लंडनला असते आणि ती बॅलेला जाते, हे व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचलेलं आहे. तिकडे १९२० साली स्थापन झालेली रॉयल अकॅडमी ऑफ डान्स पंचावन्नच्या पुढच्यांसाठी 'सिल्व्हर स्वॉन्स' नावाचे वर्ग चालवते. नणंदेनं मार्गो फॉन्टेनचा फोटोही धाडला. १९६२ साली रुडॉल्फ नुरेयेवबरोबर 'जिझेल' नाचली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती आणि तो तेवीसचा. फोटो बाईंनी नवऱ्याला दाखवला. त्यानं फक्त "तेवीस?" एवढंच विचारलं. बाईंचं म्हणणं असं, की बॅलेवाल्यांना निदान धरायला भिंतीला दांडा असतो. आम्हाला आधार फक्त कमरेच्या ओढणीचा.

तसा दाखला हवा तर लंडनपर्यंत जायचं कारण नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढली, शिष्या घडवायला घेतल्या, आणि तरी पुढे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापुढे त्या स्वतः विद्यार्थिनी होऊन वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. बाईंना ही गोष्ट ठाऊक आहे. टाच दुखली की त्या ती मनातल्या मनात स्वतःला सांगतात.

आणि ताईंचंही एक निरीक्षण आहे. मुली पाऊस आला की दांडी मारतात, युनिट टेस्ट असली की मारतात, मावसबहिणीचा वाढदिवस असला तरी मारतात. बाई दांडी मारत नाहीत. फी एक तारखेला जमा. गेल्या वेळी दिलेला तोडा वहीत मात्रांसकट, रकाने आखून, सम लाल शाईत. आई रागावेल म्हणून न येणारी या वर्गात ही एकटीच. परीक्षेला कोण बसणार असं विचारल्यावर पहिला हातही मागून, पंख्याखालून वर गेला.

तेव्हा बाईंच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एवढीच विनंती: पायांत शंभर-शंभर घुंगरू आहेत, आवाज होणारच. सोसायटीच्या ग्रुपवर लिहू नका. रियाज साडेसातला संपतो, आणि विशारद प्रथम एकदा पदरात पडलं की विशारद पूर्णचीच काय ती चौगुन ऐकायची राहील.