न हसणाऱ्याची कला

उपहासाची जी साधने विनोदी लेखकाच्या हाताशी असतात, त्यांत अतिशयोक्ती हे सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत लवकर बोथट होणारे, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे. कारण पुढाऱ्याचा बडेजाव लेखकाने कागदावर कितीही फुगविला, तरी पुढील निवडणुकीपर्यंत प्रत्यक्ष पुढारी त्याच्याही पुढे गेलेला असतो. विडंबनास निदान अभ्यास तरी लागतो. ‘झेंडूची फुले’ वाहताना अत्र्यांना त्या त्या कवींच्या लकबी पाठ असाव्या लागल्या.

परंतु उपहासाचे खरे वैभव लेखकाच्या गंभीर मुद्रेत आहे. आयर्लंडातील दारिद्र्यावर जोनाथन स्विफ्टने १७२९ साली जो तोडगा सुचविला, तो गरिबांची वर्षाची मुले श्रीमंतांच्या भोजनास विकावीत, असा होता. पण वाचणारा हादरतो तो हिशेबाने. एक लक्ष वीस हजार मुलांपैकी वीस हजार पैदाशीसाठी राखावीत, बाकीची विक्रीस काढावीत, अशी खतावणी तो एखाद्या सचोटीच्या फडणिसाप्रमाणे मांडतो, आणि या योजनेत आपला कवडीचाही स्वार्थ नाही, कारण आपले धाकटे अपत्य नऊ वर्षांचे असून कुटुंबाचे मूल होण्याचे वय उलटले आहे, असा खुलासाही शेवटी जोडतो! आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामाही रूढींना शिव्या देत बसत नाही. बंडूनाना आणि पांडुतात्या यांना संगती घेऊन तो त्या मनोभावे पाळू लागतो, आणि त्या पाळण्यातच रूढींची शोभा होते.

हे सारे शास्त्र अवगत असल्यामुळे, आमच्या आळीतील कोरड्या नळासंबंधी मी संबंधित कचेरीत जो अर्ज गुदरला, त्यात तक्रारीचा चकार शब्द न काढता नळाच्या विरक्त वृत्तीचा, मौनव्रताचा आणि जलसंचयाविषयीच्या निरिच्छतेचा यथास्थित गौरव केला. यथावकाश उत्तर आले: ‘सदरहू नळ समक्ष पाहिला. नळ जागेवर असून सुस्थितीत आहे. पाणी येत नसल्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल.’

एकही विशेषण वाया न घालविता, व्याजस्तुतीचे माझे दोन बंद कागद चार वाक्यांत निकाली काढणाऱ्या त्या अनाम कारकुनाची योग्यता मी उपहासकारांत फार वरची मानतो. उत्तरासोबत चालू सालच्या पाणीपट्टीचे बिल जोडले होते.