हेडबाईंच्या सुनेच्या गोष्टीतली आजी

अहो, ऐकलंत का? जरा इकडे भिंतीजवळ या ना. हेडबाईंच्या गॅलरीचं दार उघडं दिसतंय, आणि शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडण्यात त्यांचा जन्म गेलाय. तर, लंडनहून रिपोर्ट आला. नाही हो, तब्येतीचा नाही, देव करो! सुनेच्या पुस्तकाचा. तेच ते, मुलांसाठी लिहिलेलं, ज्याचे पेढेच काय ते वाटायचे राहिले होते.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, हेडबाईंनी लिफ्टमध्ये सुद्धा कुणाला सोडलं नाही. हत्तीच्या पिल्लाला अंधाराची भीती वाटते, ते रडतं, मग आजी हत्तीण त्याला जवळ घेऊन धीटपणा म्हणजे काय ते समजावते. चांगलं पानंच्या पानं समजावते. इंग्रजीत, आणि सगळं यमक जुळवून. ती आजी कोण, हे मी सांगायला नकोच. "ती मीच हो," असं त्या स्वतःच हळदीकुंकवाला म्हणाल्या होत्या.

आता तिकडची रीत वेगळी. आपल्याकडे लेखक हस्तलिखित पिशवीत घालतो नि प्रकाशकाच्या ऑफिसात जाऊन बसतो. तिकडचे मोठे प्रकाशक असं दारात उभं करत नाहीत, मध्ये एजंट लागतो. त्याला आवडलं तर तो प्रकाशक शोधणार, करार वाचणार, आणि लेखकाला जे मिळेल त्यातले साधारण पंधरा टक्के घेणार. म्हणून तर भला एजंट नुसतं वाचायचे पैसे मागत नाही. मागितले की ओळखावं, पाणी मुरतंय. पण लेखकांचे मेळावे असतात ना त्यांचे, तिथं फी भरली की एजंटसमोर पंधरा मिनिटं बसायला मिळतं. पानं आधी वाचून आलेला असतो, जे काय ते तोंडावर सांगतो. सुनेनं तेच केलं. हेडबाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटात काय कळणार त्यांना?" कळलं की!

ती एजंटबाई भारी गोड बोलली म्हणे. आधी म्हणाली, पिल्लू फार लोभस आहे. मग चष्मा काढला. ही चष्मा काढणारी माणसं वाईट हो! म्हणाली, हे चित्रांचं पुस्तक आहे, बत्तीस पानांचं. त्याला पाचशे शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी, आणि तुमचे झालेत अठराशे. यमकासाठी वाक्यं उलटीपालटी केलीत, ती मोठ्यानं वाचताना जीभ अडखळते. आणि पिल्लू अंधारात गेलं, हे एवढं सगळं शब्दात कशाला? ते चित्रात दिसेल की. सुनेनं मैत्रिणीकडून चित्रंही काढून घेतली होती बरं का, त्यावर म्हणाली, चित्रकार प्रकाशक निवडतो, तुम्ही फक्त मजकूर पाठवा. झालं, ती मैत्रीण रुसली ते वेगळंच...

तर काय सांगत होते? हां, आजी. सगळ्यात शेवटी आजी निघाली. एजंटबाई म्हणाली, अडचण मुलाची असेल तर वाट त्यानंच काढायला हवी. मोठ्या माणसानं येऊन उपदेश केला की वाचणारं पोर पुस्तक मिटतं. "या आजीला कमी बोलायला लावा, किंवा काढूनच टाका."

हे सगळं सून व्हिडिओ कॉलवर सांगत होती, स्पीकरवर. मी कशाला ऐकायला जाते? त्यांचा झारा परत करायला गेले होते. पण चेहरा पाहिला ना मी हेडबाईंचा! फुगलेली पुरी पानात पडल्या पडल्या बसते, तसा बसला. "काढून टाका म्हणाली?" एवढंच म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसल्या.

खरं सांगू? मला ती एजंटबाई पटली. आपण सगळ्यांनी वाचली होती ना ती गोष्ट? काय म्हणालो आपण? "छान आहे." तुम्हीही म्हणालात, मीही म्हणाले, आमच्या ह्यांनी तर न वाचताच म्हटलं. त्या 'छान आहे'नं सुनेच्या हाती काय लागलं? पण अमुक पान काढ, तमुक पात्राला मोठं कर, असं सांगणारं माणूस म्हणजे पूर्ण वाचून आलेलं माणूस. मन लावून वाचल्याशिवाय एवढा दुष्टपणा जमतच नाही.

सून मात्र हुशार हो. सासूबाई फुरंगटलेल्या पाहून तिनं त्या रोलिंगबाईचं पुराण काढलं. हॅरी पॉटरवाली. तुम्हाला माहीतच असणार, पण त्यातल्या आतल्या गोष्टी ऐकल्यात का? बसा, दूध मंद आचेवर आहे.

1995 साल. बाई एडिनबरात, नवऱ्यापासून सुटलेली, पदरात लहान पोर, सरकारी भत्त्यावर दिवस काढतेय. हातानं बडवायच्या टाइपरायटरवर पुस्तक पुरं केलं. लायब्ररीतल्या डिरेक्टरीतून एजंटांची नावं काढली आणि एकाला पहिली प्रकरणं छान फोल्डरमध्ये घालून पाठवली. त्यानं काय करावं? दोन ओळींची चिठ्ठी. आमची यादी भरली आहे, आणि तुमचं फोल्डर पाकिटात मावत नाही. म्हणजे नकार तर नकार, वर फोल्डरही गेलं! बाईनं पुढे स्वतःच सांगितलंय, नकारापेक्षा तिला फोल्डरचं जास्त लागलं, कारण हातात पैसे जवळजवळ नव्हतेच आणि दुसरं विकत आणावं लागलं. अगदी पटलं मला. माझे दोन स्टीलचे डबे कुणाकडे गेलेत ते मला पक्कं ठाऊक आहे, पण ते असो.

दुसरा एजंट निवडला तो आडनावावरून. क्रिस्टोफर लिट्ल. मुलांच्या गोष्टीतल्या पात्राचं नाव वाटलं म्हणे तिला. आता गंमत बघा, या लिट्लसाहेबाचं ऑफिस लहान मुलांची पुस्तकं घेतच नव्हतं! त्यात पैसा नसतो असं त्यांचं मत. ऑफिसात एक तरुण मुलगी होती, ब्रायनी इव्हन्स नावाची. आलेलं टपाल फोडायचं, गठ्ठे लावायचे, नकाराची पत्रं पाठवायची, हे काम. तिनं नियमाप्रमाणे हे बाड परत पाठवायच्या गठ्ठ्यात टाकलंसुद्धा. मग तिची नजर गेली फोल्डरवर! काळं, प्लास्टिकचं, त्याची ती बंद करायची तऱ्हा काहीतरी निराळी. सहज म्हणून उघडलं. आत बाईनं स्वतः काढलेली चित्रंही होती म्हणे. बघा, आणि इथं आमच्या सुनेच्या मैत्रिणीची चित्रं चालेनात! ब्रायनी वाचायला लागली आणि हसली. मग ऑफिसात बाहेरून वाचायला येणारी एक बाई होती, तिला दाखवलं, तीही हसली. मग साहेबाच्या मागे लागून उरलेलं हस्तलिखित मागवलं. ते पत्र रोलिंगबाईनं आठ वेळा वाचलं, असं तिनंच सांगितलंय.

आणि हे ऐका, कारण सुनेनं हेडबाईंपुढे सगळं पुराण याच्यासाठीच लावलं होतं. ब्रायनीनं वाचून सूचना केली. तो वेंधळा, गोल चेहऱ्याचा नेव्हिल आहे ना, त्याला आणखी जागा द्या म्हणाली. लिट्लसाहेब म्हणाला, तो झाडूवर बसून खेळायचा क्विडिच नावाचा खेळ, त्याला जास्त वाव द्या, नियमबियम नीट येऊ द्या, मुलगे खूश होतील. आणि बाईनं ऐकलं! रुसली नाही, फुगली नाही. आता सांगा, नेव्हिलशिवाय हॅरी पॉटर आणि क्विडिचशिवाय ती जादूची शाळा... आमचा नातू तर खराटा घेऊन पार्किंगमध्ये पळतो, वॉचमनला विचारा.

पण एजंटला आवडलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही बरं का. बारा प्रकाशकांनी नाही म्हटलं. बारा! फार लांब आहे म्हणे, नव्वद हजारांच्या आसपास शब्द होते. आपल्या सुनेच्या अठराशेला लांब म्हणतात, तिच्या नव्वद हजारांनाही लांब म्हणाले. अर्थात ते मोठ्या मुलांचं पुस्तक, त्याचं माप वेगळं. शेवटी ब्लूम्सबरी प्रकाशनाच्या प्रमुखानं पहिलं प्रकरण घरी नेलं आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या हाती दिलं. ॲलिस तिचं नाव. पोरगी वर गेली, वाचून खाली आली आणि पुढचं दे म्हणून बापाच्या मागे लागली. बारा कोट-टायवाल्यांना जे कळलं नाही ते एका फ्रॉकवालीला कळलं. त्या बाराजणांच्या घरात आठ वर्षांचं कुणी नव्हतंच का हो?

तरी संपादकसाहेब बाईला जेवायला नेऊन काय म्हणाले? मुलांच्या पुस्तकांत पैसा नाही, नोकरी बघून ठेवा! नाव छापायचं ठरलं तर म्हणे, बाईमाणसाचं नाव बघून मुलगे पुस्तक उचलणार नाहीत, नुसती आद्याक्षरं लावा. हिला मधलं नावच नव्हतं, मग आजीच्या कॅथलीनमधला 'के' घेतला. इथं हेडबाई डबे सोडून बाहेर आल्या! "आजीचं नाव लावलं तिनं?" सून म्हणाली, "हो ना आई." जरा उजळल्या. 26 जून 1997 ला पुस्तक आलं, पुठ्ठ्याच्या बांधणीतल्या प्रती पाचशे. त्यातल्या बऱ्याचशा लायब्रऱ्यांनाच गेल्या. आज त्यातली एक घरात असती तर... जाऊ दे, आपल्या रद्दीवाल्यानं तीही दहा रुपये किलोनं नेली असती.

आणि ती ब्रायनी? पंधरा टक्के साहेबाला, हिला तिचा पगार. ती नोकरी सोडून दुसरीकडे गेली. पुढे एकदा रोलिंगबाई सह्या देत बसली होती, तिथं ही आपली सगळ्यांसारखी रांगेत पुस्तक घेऊन उभी! नंबर आला, ओळख सांगितली. बाईनं मग तिच्या प्रतीवर भरभरून लिहून दिलं, हॅरीत काहीतरी आहे हे सगळ्यात आधी हिला दिसलं म्हणून. लिट्लसाहेबाचं काय झालं विचारा. पैसा उदंड मिळाला, पण 2011 मध्ये बाईनं त्याला सोडलं आणि त्याच्याच ऑफिसातल्या दुसऱ्याबरोबर गेली. मला धक्का बसला, वाईट वाटलं, असं तो जाहीरपणे म्हणाला. वाटणारच. काय पण... थांबा हं, दूध बघून येते.

आले. तर काय सांगत होते? हां, पुढे जगभर नाव झाल्यावर बाईनं काय केलं, तर पुरुषाचं नाव घेतलं, रॉबर्ट गॅलब्रेथ, आणि मोठ्यांसाठी रहस्यकथा लिहिली. खरं नाव न सांगता पाठवली. आणि पुन्हा नकार! एका प्रकाशकानं तर गॅलब्रेथना सुचवलं की लेखनाचा एखादा कोर्स केलात तर बरं. रोलिंगबाईला कोर्स! 2016 मध्ये तिनं ती पत्रं ट्विटरवर लावली, सह्या मात्र झाकून. आणि वर सांगितलं, हॅरीला सगळ्यात आधी नाही म्हणणारा जो प्रकाशक, त्यानंच गॅलब्रेथला सगळ्यात खडूस नकार पाठवला होता. त्याचं नाव नाही सांगितलं हो. मी असते तर सांगितलं असतं.

हेडबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "कर ती आजी लहान. पण निदान शेवटच्या पानावर दारात उभी असू दे." सून म्हणाली, "उभी राहील आई, पण काही बोलणार नाही." त्यावर जी शांतता पसरली ना! मी हळूच झारा ओट्यावर ठेवला नि निघाले. रात्री जिन्यात भेटल्या तर म्हणतात, नेव्हिलला वाढवायला सांगितलं, माझी मात्र काटछाट, याला काय न्याय म्हणायचं? मी म्हटलं, अहो, नेव्हिल उपदेश करत नव्हता. तेव्हापासून माझ्याशी जरा... तुम्हाला जाणवलं असेलच.

आणि एक राहिलंच. गॅलब्रेथ म्हणजे रोलिंग, हे बाहेर फुटलं कसं माहितीये? 2013 ची गोष्ट. तिच्या वकिलांच्या फर्ममधल्या एकानं, कुणाला म्हणून नाही, फक्त बायकोच्या जिवलग मैत्रिणीला सांगितलं. अगदी आपल्यात म्हणून. तिनं ते ट्विटरवर एका पेपरवालीला कळवलं, आणि झाला बोभाटा. पुस्तक एकदम खपाच्या यादीत वर, आणि त्या वकिलाला एक हजार पौंड दंड! नुसतं बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं म्हणून हो! हा नियम आपल्या सोसायटीत आला, तर मेन्टेनन्स कुणाला भरावाच लागायचा नाही.