मामाचं पारडं

प्रस्तरारोहण शिकवणाऱ्या सरांनी वजन विचारलं तेव्हा मी ‘७८’ म्हणालो. घरचा काटा ८८ दाखवतो. पण तो जुना आहे आणि पहिल्यापासून त्याचं माझ्याशी पटत नाही. खाली बिलेला, म्हणजे दोर धरायला, माझी भाची. वजन ५२. भाचीलाच मामा बनवणारा मी पहिलाच मामा असेन.

स्वप्न ड्यूक्स नोजच्या कड्याचं, सराव पुण्यातल्या एका कृत्रिम भिंतीवर. चौथ्या बोल्टच्या जरा वर माझा हात सुटला. पुढच्या क्षणी मी खाली निघालो आणि भाची वर. वाटेत गाठ पडली. लिफ्टमधले शेजारी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात, तसं तिने विचारलं, “मामा, ७८?”

ती पहिल्या क्विकड्रॉखाली, म्हणजे बोल्टला दोर जोडणाऱ्या कडीखाली, लोंबकळत होती. मूठ त्यावर आपटायला बोटभर बाकी. माझे बूट जमिनीपासून हातभर वर. ब्रेकचा हात तिने सोडला नाही, म्हणून हा लेख लिहितोय.

मग सरांनी शाळा घेतली. बिलेयर असा उडत क्विकड्रॉपर्यंत गेला तर हात चिरडतो, ग्रिग्री, म्हणजे दोर रोखणारं बिलेचं उपकरण, तिथे अडकली तर तिचा ब्रेकही सुटू शकतो. भिंतीपासून लांब उभं राहिलं तर आधी फरफट, मग उड्डाण. म्हणून भिंतीलगत, पहिल्या बोल्टच्या जरा बाजूला उभं राहायचं. हलक्या माणसाला जमिनीवरच्या अँकरला किंवा वाळूच्या पोत्याला बांधायचं. “नाहीतर ‘ओम’ लावा.”

मला वाटलं, पडताना म्हणायचा. तो मी म्हटलाच होता, जरा वेगळ्या शब्दांत. पण हा ओम विज्ञानाच्या तासाचा, विजेच्या रोधाचा. जर्मनीच्या एडेलरिड कंपनीचं हे उपकरण पहिल्या बोल्टला अडकवतात. चढणारा पडला की दोर त्यात आवळला जातो, घर्षण वाढतं आणि खालच्याला हिसका कमी बसतो.

मग भाची चढली, मी बिलेला. ती पडली. मी खांबासारखा घट्ट उभा राहिलो आणि शाबासकीची वाट पाहू लागलो. वरून भिंतीवर धप्पकन आवाज आला. “मामा, जड माणसाने अशा वेळी हलकी उडी मारायची असते! दोर एकदम ताठ झाला की मी भिंतीवर आपटते.” मी शेवटची उडी मारली होती ती शाळेत, लंगडीत.

दुसऱ्या दिवशी ओम लावून मी पुन्हा पडलो. भाचीच्या टाचा जेमतेम उचलल्या, पुन्हा टेकल्या. सत्यभामेने सगळे दागिने ओतूनही कृष्णाचं पारडं हललं नव्हतं. रुक्मिणीच्या एका तुळशीपानाने ते काम केलं, इथे ओमने. फरक एवढाच, की तराजूत बसण्यापूर्वी कृष्णाने आपलं वजन दहा किलोंनी कमी सांगितलं नव्हतं.